अडीच भागिले अर्धा

पाच दिवसांचं गणिताचं प्रशिक्षण घेऊन मी तालुक्याला परतले तेव्हा माझ्याजवळ एक कापडी पिशवी, एक पॅड, एक पेन, मोबाईलमध्ये भलीमोठी पीडीएफ आणि 'सुलभक', म्हणजे खालच्या शिक्षकांना तेच शिकवणारी, ही पदवी होती. पाच दिवसांचं ते मला खाली दोन दिवसांत द्यायचं होतं. केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, तर ते एका दुपारीच उरकलं. वरून निघालेलं दूध खाली पोचेस्तोवर ताकावरचं पाणी झालं. पाणी घालणाऱ्यांत मीही होते, म्हणून आज मोकळेपणानं लिहितेय.

मी दक्षिण सोलापूर तालुक्यात, कुंभारीच्या बाजूला एका झेडपी शाळेवर आहे. शाळेचं नाव नको. नोकरीला एकोणीस वर्षं झाली. वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांच्या आया बिड्या वळतात. घरी तेलुगू, काही घरांत कन्नड, शाळेत मराठी आणि गल्लीत आपलं 'का बे, काय बे'.

आमच्याकडे प्राथमिक शाळेत गणित सांभाळणारा असा वेगळा माणूस नसतो. पहिली ते पाचवीचा गुरुजी सगळंच शिकवतो. त्यामुळे गणितासाठी नाव मागवलं की ज्याची बारावी सायन्सची त्याचं जातं, नाहीतर जो 'नाही' म्हणत नाही त्याचं. माझी बारावी आर्ट्सची, नंतर दोन वर्षं डीएड. मी कुठल्या गटातली ते तुम्हीच ओळखा.

त्या पाच दिवसांत गणित मला एकदाच भेटलं, तेही जेवणाच्या सुट्टीत.

शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक बसले होते, पाहुणे म्हणून आलेले. डब्यातली कडक भाकरी मोडता मोडता म्हणाले, "बाई, अडीच भागिले अर्धा. गोष्ट सांगा बघू एक." मला वाटलं, हे काय विचारणं झालं. मी म्हटलं, "अडीच भाकऱ्या होत्या, दोघांत वाटल्या." त्यांनी विचारलं, "मग प्रत्येकाला किती?" मी म्हटलं, "सव्वा." ते काहीच बोलले नाहीत, शेंगाचटणीचा डबा माझ्याकडे सरकवला. मग मीच पॅडवर गणित मांडलं. अर्धा उलटा करून गुणला. उत्तर आलं पाच.

एकच गणित. तोंडी सव्वा आणि कागदावर पाच. आणि मी सुलभक.

टेबलावर आम्ही सात जण होतो. पाच जणांची गोष्ट माझ्यासारखीच निघाली, अर्ध्याने भागायचं सोडून अर्धं करणारी. मग सरांनी दोन आख्ख्या आणि एक अर्धी भाकरी ताटात मांडली आणि म्हणाले, "एकेकाला अर्धी वाढा. किती माणसं जेवतील?" कडक भाकरी मोडल्याचे आवाज झाले, पाच ढीग पडले. उलटा करून गुणायचं का, ते मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तेवढ्यात माईकवरून आवाज आला, सर्वांनी हॉलमध्ये यावं, लिंक भरायची आहे.

ली शुलमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ साली एक गोष्ट नीट मांडली. विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, आणि या दोहोंच्या मध्ये एक तिसरं ज्ञान असतं, ते फक्त शिक्षकाचं. हा विषय पोराच्या डोक्यात कुठे अडखळतो, कोणत्या उदाहरणाने सुटतो, कोणत्या उदाहरणाने आणखी गुंततो, याचं ज्ञान. इंजिनिअरला भागाकार माझ्यापेक्षा चांगला येत असेल, पण तिसरीतलं पोर भागाकारात कुठे बुडतं ते त्याला माहीत असायची गरज नाही. मला आहे. आणि गणितात इतर शिक्षकांना सोबत घेऊन जायचं असेल तर मला दुप्पट आहे. माझं म्हणणं एवढंच की गणित सांभाळणाऱ्या शिक्षकाला बाकी काही शिकवू नका, पोरांची चुकलेली उत्तरं वाचायला शिकवा. बाकीचं त्यातूनच निघतं.

वानगीदाखल सांगते. माझ्याच वर्गातली तिसरीतली मुलगी. ५२ वजा २७, उत्तर ३५. त्याच प्रशिक्षणात हे उदाहरण मी गटात ठेवलं होतं. सगळे एका सुरात म्हणाले, हातचा विसरली. मीही तेच धरून चालले होते. परत आल्यावर तिला जवळ बसवून विचारलं, कसं केलंस गं? म्हणाली, "बाई, दोनातून सात जात नाही. मग सातातून दोन काढलं."

"असं कोण म्हणालं, जात नाही म्हणून?"

"तुम्हीच की बाई. पहिलीत."

खरं होतं. पहिलीत मीच घोकून घेतलं होतं, लहानातून मोठी संख्या जात नाही. तिने हातचा विसरायचा प्रश्नच नव्हता, हातच्यापर्यंत ती पोचलीच नव्हती. माझा नियम तिने इमानेइतबारे पाळला होता. मी 'हातचा विसरली' म्हणून तिला आणखी वीस गणितं दिली असती तर वीसच्या वीस तशीच चुकली असती आणि मी शेरा मारला असता, सराव आवश्यक. त्याऐवजी दहा-दहा काड्यांचे रबर लावून बांधलेले पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, सत्तावीस दे मला. तिने सुट्ट्या दोन दिल्या, थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "रबर काढू का?" दशक सुट्टा करणे, दशक सुट्टा करणे, असं मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. तिच्या लेखी ते रबर काढणं होतं.

आता दुसरी गोष्ट, आणि ही खास आपल्या सोलापूरची आहे.

दुसरीतला एक मुलगा सत्तावीस सांगितलं की ७२ लिहायचा. पस्तीसला ५३. आम्ही शिक्षक काय म्हणायचो? लक्ष नाही, उलटं लिहायची सवय. एक दिवस खिचडी शिजवणाऱ्या अक्का दारात उभ्या होत्या, त्या त्याला म्हणाल्या, "इरवै एडु रायि रा." पोराने झटक्यात २७ लिहिलं. मी म्हटलं, अजून सांगा. त्या तेलुगूत सांगत गेल्या, तो बरोबर लिहीत गेला. डेब्बै रेंडु, ७२. एकही चूक नाही.

इरवै म्हणजे वीस, एडु म्हणजे सात. तेलुगूत आधी दशक बोलतात, मग एकक. जसं बोलतात तसंच डावीकडून लिहितात. कन्नडमध्येही तेच, इप्पत्तेळु सत्तावीस, एप्पत्तेरडु बहात्तर. आपल्या मराठीत मात्र सत्ता-वीस. बोलताना सात आधी, लिहिताना दोन आधी. पोराने सात ऐकलं, सात लिहिलं. वीसातला दोन ऐकला, दोन लिहिला. ऐकलं ते प्रामाणिकपणे उतरवलं. आणि एकोणऐंशीचं काय घेऊन बसलात! कानावर 'ऐंशी' पडतं आणि लिहायचं ७९. किती पोरं ८९ लिहितात ते एकदा मोजून बघा.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? नेहमीच्या संख्यानामांबरोबर 'वीस सात', 'साठ तीन' असंही दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम पोरांना जड जातो, त्यासाठी ही सोय आहे. आपण काय केलं? विनोद फॉरवर्ड केले. मीही केले, खोटं कशाला बोलू. ज्या गावात चार भाषा एका नळावर पाणी भरतात, तिथल्या शिक्षिकेने तरी थांबून विचार करायला हवा होता. आमच्या सोलापूर शहराच्या पूर्व भागात पद्मशाली, म्हणजे मूळच्या तेलुगू विणकरांच्या, घरांत वीस सात हे रोजचं बोलणं आहे, फक्त तेलुगूत. मला पद्धत बदला असं म्हणायचं नाही, सत्तावीस यायलाच हवं. पण हा अडथळा पोराच्या डोक्यात नसून भाषेच्या रचनेत आहे, हे सोलापुरातल्या गणिताच्या कुठल्याही प्रशिक्षणात पहिल्या तासाला सांगायला नको का? मला एकोणीस वर्षांत कुणी सांगितलं नाही. शेवटी खिचडीवाल्या अक्कांनी सांगितलं. त्यांना मानधन किती मिळतं ते विचारू नका.

बिड्यांचंही तसंच. पंचवीसचा पाढा म्हणताना अडणारी पोर आईने बांधलेले कट्टे बघून सांगते, बाई, अजून चार कट्टे झाले की हजार. पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार, छत्तीस झालेत. पण यावर मी फार हुरळत नाही. घरचं गणित आपोआप वहीत उतरत नाही, ते उतरवायला कुणीतरी मध्ये बसावं लागतं. आणि पोरीने गणितासाठी बिड्या मोजाव्यात असंही मला वाटत नाही, तिच्या आईलाही वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० म्हणतं की शिक्षकाने वर्षाला ५० तास प्रशिक्षण घ्यावं. निपुण भारत ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचन आणि पायाभूत गणित यावं हे लक्ष्य. दोन्ही उत्तमच. पण ते ५० तास कशाने भरतात ते आपल्याला माहीत आहे. व्हिडिओ एका टॅबमध्ये चालू, दुसऱ्यात शालार्थ, म्हणजे आमच्या पगाराचं पोर्टल. शेवटी प्रश्नमंजुषा, तिची उत्तरं आदल्या रात्रीच ग्रुपवर.

इंग्लंडमध्ये २००८ साली सर पीटर विल्यम्स यांच्या अहवालाने शिफारस केली की दहा वर्षांत प्रत्येक प्राथमिक शाळेत निदान एक गणिताचा जाणकार शिक्षक असावा. २०१४ पासून तिथे शाळांची गणित केंद्रं सुरू झाली, आणि २०२४ पासून प्राथमिक शाळेत गणिताची धुरा सांभाळणाऱ्यांसाठी वर्षभराची वेगळी राष्ट्रीय पात्रता आली. त्यांचा पैसा, त्यांची पटसंख्या, त्यांचं त्यांच्यापाशी. मला त्यातलं एकच घ्यावंसं वाटतं, 'वर्षभर'. पाच दिवस सलग नको, वर्षभर थोडं थोडं, आणि मधल्या दिवसांत स्वतःच्या वर्गात करून बघायचं. जपानात तर शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एकजण शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून पोरांच्या वह्यांत डोकावतात. शिक्षकाकडे नाही, वह्यांत. त्याला पैसे लागत नाहीत.

आपल्याकडे त्यासाठी जागा आहे की. केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होते. गेल्या वर्षी आमच्या केंद्रप्रमुखांना गळ घालून मी एक तास मागून घेतला. मागणी एवढीच, प्रत्येकाने आपल्या वर्गातली चुकलेली तीन उत्तरं चिठ्ठीवर आणायची, पोराचं नाव नाही, शेरा नाही. पहिल्या वेळी बावीस शिक्षकांतून सहा चिठ्ठ्या आल्या. त्यातली एक मुद्दाम रचलेली होती, उगाच माझी फजिती करायला. दुसऱ्या महिन्यात एक सीनियर सर उठून म्हणाले, "बाई, आमची पोरं चुकत नाहीत." सगळे हसले. तिसऱ्या महिन्यात तेच सर चिठ्ठी घेऊन आले. ४७ अधिक ३८ बरोबर ७१५. म्हणाले, गेली तीस वर्षं हे बघतोय, ओलांडून पुढे जात होतो. मग आम्ही सगळे पाऊण तास त्या ७१५ भोवती बसलो. सात आणि आठ पंधरा, बरोबर. चार आणि तीन सात, बरोबर. पोराच्या दोन्ही बेरजा बरोबर होत्या, जागा तेवढी चुकली होती. तीनशे पाचला ३००५ लिहिणारं पोरही त्याच घरातलं, हे तेव्हा एका नवीन मुलीच्या लक्षात आलं. तिची शिक्षणसेवक म्हणून नोकरी लागून चारच महिने झाले होते.

यात आमचं फार मोठं काही बदललं असं नाही. चाचणीचे आकडे काय हलले ते मला सांगता येणार नाही. आणि वेळेचा प्रश्न आहेच. दोनशिक्षकी शाळेतली बाई दुसऱ्याचा वर्ग बघायला गेली तर तिचा वर्ग कोण बघणार? आधार अपडेट, सर्वेक्षणं, पोषण आहाराचा हिशोब, निवडणुकीचं काम, यातून उरलेलं गणित आम्ही शिकवतो. सुलभकाला महिन्यातून दोन दिवस फक्त दुसऱ्यांच्या वर्गात बसायला मोकळं सोडा, एवढीच माझी मागणी आहे. पिशवी, पॅड नको. भाकरी आम्ही घरून आणू.

शनिवारी परिषद आहे. चौथीतली एक चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे, ४०२ वजा १८५ बरोबर १२७. पोरीला अजून विचारलेलं नाही. तिने काय केलं असेल ते सांगा बघू कमेंटमध्ये. आणि कृपा करून कुणी 'हातचा विसरली' लिहू नका.