जर्मनचं पातेलं

आमच्या घरात कुठलीच वस्तू नुसती बंद होत नाही, ती आवळली जाते. नळ, थर्मास, लोणच्याची बरणी, सगळं. वडिलांचं आयुष्यभर एकच सांगणं, "अजून एक पीळ दे." त्यामुळे लोणचं हा आमच्याकडे तिघांनी मिळून खायचा पदार्थ आहे. एकाने बरणी धरायची, दुसऱ्याने झाकण, आणि तिसऱ्याने तोवर वरणभात संपवायचा.

हा संस्कार घेऊन मी एका रविवारी मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली शिरलो. इंजिन ऑइल घरीच बदलायचं, मजुरी वाचवायची. गाडीची पुढची चाकं रॅम्पवर चढवली, इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरचा ड्रेन प्लग, म्हणजे तळाचा बोल्ट, काढला, जुनं तेल घमेल्यात सोडलं, प्लग पुसून परत बसवला आणि आवळला. इथे थांबायला हवं होतं. पण बाथरूमच्या दुरुस्तीतून उरलेला जीआय पाइप मी नेमका हाताशी ठेवला होता. तो पान्याच्या दांड्यावर चढवला आणि वडिलांचं स्मरण करून एक पीळ दिला.

आटे जाताना आवाज होत नाही, हे फार वाईट. काहीतरी तुटल्यासारखं वाजलं तर माणूस निदान दचकतो तरी. इथे प्लग आधी घट्ट, मग आणखी घट्ट, आणि मग एकदम समजूतदार झाला. पागडीतला भाडेकरू अचानक गोड बोलायला लागावा तसा. बाहेर काढून पाहिला तर त्याच्या अंगाला चंदेरी तार गुंडाळलेली. ते माझ्या चेंबरचे आटे. आटोपले.

मग पुस्तिका उघडली. ती आधी उघडायची असते. त्यात होतं ३५ न्यूटन-मीटर. म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १४ किलोचा जोर. पाइपमुळे माझ्या पान्याची लांबी दुप्पट झाली होती, आणि दोन्ही पाय भिंतीला टेकवल्यामुळे जोरही दुप्पट. एकूण चौपट. हे गणित दहावीला होतं आणि मला त्यात पैकीच्या पैकी होते.

एव्हाना गर्दी जमली होती. वॉचमनने एम-सील सुचवलं. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले टेफ्लॉन टेप गुंडाळ, त्यांचा गीझर त्यावरच चालतो. कुणीतरी साबण आणायला पोराला पिटाळलंसुद्धा. वास्तविक इथे तेल आटे अडवत नाहीत, प्लगच्या डोक्याखालचा वॉशर अडवतो; आटे फक्त त्याला दाबून धरतात. आणि ते दाबणंही सगळे आटे सारखं करत नाहीत. पहिले दोन-तीनच बहुतेक भार उचलतात, बाकीचे नावाला. सोसायटीची कमिटीच म्हणायची. हे मी सेक्रेटरींसमोर बोललो, ही त्या दिवसातली दुसरी चूक.

वर गेलो तर आईने विचारलं, "कशाचं असतं रे ते?"

"ॲल्युमिनियमचं."

"म्हणजे जर्मनचंच की! मग त्यात बोल्ट कसला?"

"पोलादी."

"जर्मनच्या पातेल्यात लोखंडी झारा घालू नये, एवढं तर मोलकरणीलासुद्धा सांगावं लागत नाही," असं म्हणून ती मटार सोलायला लागली. पुस्तिकेच्या सव्वादोनशे पानांत इतकं स्वच्छ कुठे लिहिलेलं नाही.

तेल नसलेली गाडी चालवता येत नाही. म्हणून सोमवारी अर्धी रजा टाकून एकट्या प्लगलाच रुमालात बांधून फिरायला नेलं. स्लो लोकलने मस्जिद, तिथून नागदेवी स्ट्रीट. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "पीच काय आहे?" क्षणभर मला वानखेडे आठवलं. त्याला दोन आट्यांमधलं अंतर हवं होतं. त्याने माझ्या हातातून प्लग घेतला, पोलादी कंगव्यासारखी पट्टी त्याच्या दातांत बसवली आणि म्हणाला, "चौदा बाय दीड. हेलिकॉइल न्या."

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंग. तार मात्र गोल नसते, तिचा छेद शंकरपाळ्यासारखा. बाहेरची धार ॲल्युमिनियममध्ये बसते, आतली धार बोल्टचे नवे आटे होते. संध्याकाळी मिस्त्री आला. भोकात बॅटरी मारून त्याने विचारलं, "कोणी आवळलं?" मी वॉचमनकडे पाहिलं. वॉचमनने पाइपकडे पाहिलं.

मिस्त्रीने आधी भोक मोठं केलं. मग टॅपच्या, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराच्या, खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे कीस त्यातच चिकटतो. ॲल्युमिनियमला लोहचुंबक लागत नाही, आत पडलेला कीस नंतर ओढून काढता येत नाही. टॅपवर रॉकेलचे थेंब सोडत अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं चाललं होतं. मागे का, तर कीस तुटून सुटावा म्हणून. मागे फिरवण्यातही काम असतं, हे आमच्या घराण्यात कुणाला माहीतच नव्हतं. मग त्याने स्प्रिंग फिरवत आत घातली आणि खालची शेपटी ठोका मारून तोडली.

"शेपटी कुठाय?" तो म्हणाला.

सगळे गप्प. बॅटऱ्या आल्या, सेक्रेटरी ओणवे झाले. शेवटी वरून अर्धा लिटर स्वस्तातलं तेल ओतलं तेव्हा ती घमेल्यात उतरली. काकांनी टाळी वाजवली.

नवा वॉशर घालून मिस्त्रीने आखूड पान्याने प्लग आवळला. मनगटाने, सहज.

"बस? एवढंच?"

"आता हे आटे कंपनीपेक्षा मजबूत आहेत," तो म्हणाला.

"मग अजून एक पीळ..."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मजुरी सांगितली, मी न घासाघीस करता दिली. हत्यारं पिशवीत भरताना तो जीआय पाइपही त्याने भरला. मी काही बोललो नाही.