खुलासा : जुनी पाठदुखी आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम

‘साठीनंतर पाठ दुखत असेल तर तोलाचे व्यायाम करू नयेत, मणका सरकतो, पट्टा बांधून पडून राहावे’ असा एक संदेश नागपुरात अंबाझरी, फुटाळा भागांत सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये फिरत आहे. हा सल्ला चुकीचा आहे.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत व्यायामाची शिफारस आहे आणि पट्टा नेहमी वापरू नये असेच म्हटले आहे. याच संघटनेच्या 2020 च्या शिफारशींनुसार 65 वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. पडून राहिल्याने पाय व पाठीचे स्नायू आणखी दुबळे होतात आणि पडण्याचा धोका वाढतो, हे संदेशात सोयीस्करपणे गाळले आहे.

सुरुवात स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून करावी : आधी पाय जुळवून, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यासमोर ठेवून दहा सेकंद उभे राहावे, आणि ते जमल्यावरच एक पाय किंचित उचलावा. ओल्या फरशीवर किंवा घसरत्या सपातांवर मात्र नकोच.

संदेशातील भीती अगदीच निराधार नाही. हाडे ठिसूळ असल्यास, चक्कर येत असल्यास किंवा नुकतेच पडला असाल तर आधी डॉक्टरांना विचारावे. लघवी-शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरता किंवा पायातील शक्ती अचानक कमी होणे अशा वेळी व्यायाम थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे.