‘यूट्यूब फुकट असताना सॅटेलाइट कशाला?’ : शहाद्याच्या वाचकाला उत्तर

भाऊ, खरमरीत लिहिलंत, आवडलं. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांत लाइव्ह तास पोचवायला मी सॅटेलाइट सुचवला, तो विचार जुनाट आहे, यूट्यूब लाइव्ह फुकट आहे, शिवाय सॅटेलाइटवर आवाज उशिरा येतो, पावसात तो बंदही पडतो.

आधी उशिराचं बघू. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर वर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा. टोचतो, पण सवय होते. यूट्यूब मात्र व्हिडिओचे तुकडे पाडून पाठवतं, आणि फोन काही तुकडे साठवून मगच दाखवायला लागतो. कमी उशिराच्या सेटिंगवरही काही सेकंद जातातच, एरवी त्याहून जास्त. पोरानं शंका विचारेपर्यंत सर पुढच्या गणितावर! अर्ध्या सेकंदाला नावं ठेवून तुम्ही पर्याय कोणता सुचवलात, बघा.

मीट किंवा झूम म्हणाला असतात, तर वाद रंगला असता. तिथे हरवलेल्या पॅकेटची (डेटाच्या छोट्या पुडक्याची) वाट बघत बसत नाहीत, म्हणून बोलणं लगेच पोचतं. पण प्रत्येक फोनला वेगळी प्रत लागते. मोलगीत एका टॉवरखाली ३० मोबाइल, प्रत्येकी ५०० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) धरले, तर एकच फळा दाखवायला १५ एमबीपीएस (मेगाबिट). मल्टिकास्टमध्ये, म्हणजे एकदाच पाठवून अनेकांना पोचवायच्या पद्धतीत, वाट फुटते तिथेच प्रत निघते, पण सार्वजनिक इंटरनेटवर कंपन्या ते एकमेकींच्या जाळ्यातून जाऊ देत नाहीत. उपग्रहाला ते उपजतच येतं: ४ डिश असोत की ४००, वर एकदाच पाठवायचं. २० सप्टेंबर २००४ ला खास शिक्षणासाठी एड्युसॅट हा उपग्रह सोडला, त्यामागे हाच हिशेब होता. जुना आहे, पण चुकीचा नाही.

म्हणून चित्र डिशवरून उतरवा, प्रश्न फोनवरून जाऊ द्या. ओपस कोडेकला (आवाज दाबून लहान करणाऱ्या पद्धतीला) बोलण्यापुरते २४ केबीपीएस पुरतात. तेवढं रडतखडत नेटवर्कही ओढतं.

पावसाचं तुमचं खरं आहे. केयू बँडला (छोट्या डिशवर येणाऱ्या उपग्रहाच्या लहरींना) सातपुड्यातला धो-धो पाऊस सोसत नाही. त्या दिवसांसाठी तास रेकॉर्ड करून शाळेतच ठेवावा लागेल.

शहाद्यासारख्या गावात शाळेपर्यंत फायबर आलं असेल, तर डिश नकोच. एक लाइन, एक मोठा टीव्ही, सगळा वर्ग समोर. फक्त पोरांच्या हातात ३० मोबाइल देऊ नका.