‘आता मास्क कशाला?’ : प्रत्यारोपणाविषयीच्या एका संदेशाला उत्तर

मुंबईतील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे सार असे: मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेला माणूस तीन महिन्यांत पूर्ववत होतो. त्यानंतरही मास्क लावून उपासनेला येणे किंवा प्रभुभोजनात सर्वांनी एकाच प्याल्यातून घ्यायचा द्राक्षारस नाकारणे हा अविश्वास आहे. गोळ्या हळूहळू सोडून गुळवेलीने प्रतिकारशक्ती वाढवावी. घरात त्या माणसासाठी वेगळे नियम ठेवू नयेत. आणि मूत्रपिंड पत्नीने दिले असेल तर तिने यापुढे जन्मभर जड काम करू नये. मला हा संदेश चार जणांनी पाठवला, त्यांतील दोघी आमच्याच महिला मंडळातील आहेत. माझ्या यजमानांना मूत्रपिंड मीच दिले आणि त्याला आता दोन वर्षे होऊन गेली, म्हणून उत्तर देण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी धरते.

तीन महिन्यांची मुदत अगदीच निराधार नाही. संसर्गाची भीती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक असते, औषधांचे प्रमाणही तेव्हाच मोठे असते, आणि पुढे तपासण्यांमधले अंतर वाढत जाते. टाके भरतात, माणूस कामावर जाऊ लागतो, स्टिरॉइडमुळे गाल भरतात आणि भेटेल तो ‘तब्येत छान सुधारली’ असे म्हणतो. परंतु भीती कमी होणे निराळे आणि ती संपणे निराळे. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिलेली, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत तोवर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून येणारा लेप्टो, गर्दीतला फ्लू किंवा शेजारच्या बाकावरचा क्षयरोगी खोकला त्या माणसाला इतरांपेक्षा जास्त महागात पडू शकतो. आमच्या देवळात पंखे जुने आहेत आणि पावसात खिडक्या बंद ठेवतात; अशा दिवशी यजमान मास्क लावून दाराजवळच्या बाकावर बसतात, हस्तांदोलनाऐवजी हात जोडून ‘जय ख्रिस्त’ म्हणतात. यात अविश्वास कोणता, हे संदेश लिहिणाऱ्यानेच सांगावे.

गोळ्या सोडण्याच्या सल्ल्यासाठी संदेशात एक दाखला दिला आहे, तो असा की जगातील पहिल्या यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा रुग्ण अशा गोळ्यांशिवाय आठ वर्षे जगला. दाखला खरा आहे, फक्त अर्धा आहे. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रिचर्ड हेरिक यांना जे मूत्रपिंड बसवले, ते त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावाचे होते, त्यामुळे रिचर्ड यांच्या शरीराला ते परके वाटण्याचे कारणच नव्हते. आमचे तसे नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने पती-पत्नी जवळचे नातेवाईक ठरतात, म्हणून आम्ही पाळकसाहेबांकडून विवाहाच्या नोंदवहीचा उतारा घेतला, लग्नाचे फोटो शोधून काढले आणि प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर कॅमेरा चालू असताना उत्तरे दिली. समितीला नाते पटले. पण आमचे लग्न नोंदवहीत आहे, रक्तपेशींत नाही, आणि यजमानांच्या शरीराला माझे मूत्रपिंड दोन वर्षांनीही पाहुणेच वाटते. गोळ्या चुकल्या तर वर्षानुवर्षे नीट चाललेले मूत्रपिंडही शरीर नाकारू शकते.

टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी दर बारा तासांनी घ्यावी लागते. आमची वेळ सकाळी आणि रात्री नऊची, आणि रविवारची उपासना साडेआठला सुरू होते. पहिल्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेतच यजमानांच्या खिशात गजर वाजला, ते तो बंद करायला धडपडले आणि गोळी बाकाखाली घरंगळत गेली. पुढच्या आठवड्यापासून गजर थरथरीवर आला आणि सुटी गोळी डबीत गेली. रक्ततपासणीच्या दिवशी मात्र सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यायची असते, कारण आधीच्या गोळीचे रक्तात किती औषध उरले आहे ते त्यात पाहायचे असते: फार कमी असेल तर मूत्रपिंड नाकारले जाण्याची भीती, फार जास्त असेल तर त्याच मूत्रपिंडाला इजा. हा तोल पपनसासारख्या फळानेही बिघडतो, म्हणून गणपतीत शेजारणीने प्रेमाने आणून दिलेले पपनस आम्ही खालच्या मजल्यावर देऊन टाकतो. गुळवेलीविषयी फार लिहायला नको. जी प्रतिकारशक्ती गोळ्या दाबून ठेवतात तीच वाढवण्यासाठी ती घेतली जाते, शिवाय कोरोनाकाळात तिच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतीलच डॉक्टरांनी नोंदवले आहेत. औषधाला अविश्वास मानणाऱ्यांनी यशयाचा अडतिसावा अध्याय पुन्हा वाचावा. हिज्कीया राजाला आयुष्याची पंधरा वर्षे वाढवून मिळाली, तरी त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला यशयाने सांगितलेच.

प्याल्याबाबत संदेशाचे एक म्हणणे मी मान्य करते. सामायिक प्याल्यातून आजार पसरल्याचा ठोस पुरावा आजवर मिळालेला नाही. पण तिथे दिलेले ‘द्राक्षारसातील मद्य जंतू मारते’ हे कारण आमच्याकडे लागूच पडत नाही, कारण आमच्याकडे द्राक्षांचा बिनमद्याचा रस असतो. निरोगी माणसाने क्षुल्लक मानावा असा धोका यजमानांनी पत्करू नये असे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, आणि पाळकसाहेबांनी तो प्रश्न एका वाक्यात सोडवला: त्यांच्यासाठी छोटी वेगळी पेली. अनेक मंडळ्यांत ती सर्वांनाच देतात. वांद्र्याच्या आमच्या कॅथलिक विहीणबाईंना या वादाचे हसूच आले, कारण त्यांच्याकडे बहुतेक वेळा सर्वांना फक्त भाकर मिळते आणि त्यात काही उणे राहिले असे कोणी मानत नाही.

घरात वेगळे नियम नकोत, हे वाक्य लिहिणाऱ्याच्या घरी बहुधा तान्हे बाळ नसावे. आमचा नातू पाच महिन्यांचा असताना पोलिओ रविवार आला. तोंडावाटे देण्याच्या त्या लसीत जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो आणि तो काही आठवडे बाळाच्या शौचातून बाहेर पडतो. त्यामुळे डॉक्टरांना विचारून लस कोणती व कशी द्यायची ते ठरवले आणि दुपटी बदलण्याचे काम आजोबांकडून काढून घेतले. मांडीवर घेणे, गाणे म्हणणे, झोपवणे हे सगळे त्यांच्याकडेच राहिले. रविवारच्या शाळेत मी शिकवते, तिथे एखाद्या मुलाला कांजिण्या निघाल्या तर आईने मला त्याच दिवशी कळवावे असे मी सर्वांना सांगून ठेवले आहे. एकीने कळवले आणि त्या संध्याकाळी आम्ही डॉक्टरांना फोन केला. प्रीतिभोजनात यजमान कोशिंबीर घेत नाहीत, भात-रस्सा उकळत्या पातेल्यातून सर्वांच्या आधी घेतात. वाढणाऱ्या बायकांना ते आता विचारावे लागत नाही.

उरले माझे जड काम. शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे मी पाण्याची बादली उचलली नाही. उरलेले मूत्रपिंड थोडे वाढून जास्त काम अंगावर घेते आणि दात्याची मूत्रपिंडांची क्षमता पूर्वीच्या सुमारे ७० टक्क्यांवर येऊन स्थिरावते, तेवढी रोजच्या आयुष्याला पुरते. वर्षातून एकदा रक्तदाब, लघवी आणि मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासायचे, आणि दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, इतकेच पथ्य मला आहे. गेल्या कापणीच्या सणाला लिलावात मी एक कोहळा घेतला. लिफ्ट बंद होती, तो तिसऱ्या मजल्यापर्यंत मीच नेला, आणि यजमान उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन मागून येत होते.