दोन मिनिटांत सगळं

मुंबईहून फोन आला तेव्हा मी कूलरमध्ये पाणी ओतत होतो. मे महिना, पारा ४५ला टेकलेला, आणि पलीकडून एक गारेगार आवाज म्हणाला, "सर, तुमचा शोरील पाठवा ना. आजवरच्या कामाचा. दोनच मिनिटांचा."

टीव्हीच्या हिशेबात सेकंदाला २५ फ्रेम. दोन मिनिटं म्हणजे ३,००० फ्रेम. पंधरा वर्षांची कमाई तेवढ्यात बसवायची होती. हरकत नाही, लोकांचं आयुष्य कापूनच मी पोट भरतो.

रावेर तालुक्यातल्या गावात बसून हा धंदा काय आहे ते समजावणं महाकठीण. संकलक म्हटलं की लोकांना वाटतं मी पाणीपट्टी गोळा करतो. एडिटर म्हटलं की पेपरवाला समजून गावातल्या खड्ड्यांची बातमी लावायला सांगतात. शेवटी आईने सोपं करून टाकलं : "तो शूटिंग कापतो." यावर समोरची बाई हळहळून विचारते, "सगळं वाया जात असेल ना मग?"

तर शोरीलसाठी माळ्यावरचा खोका काढला. वर हार्ड डिस्क, खाली टेपा. तासाभराची एकेक टेप संगणकात उतरवायला तासच लागायचा आणि १३ जीबी जागा खायची. बहुतेक टेपा लग्नाच्या. लग्नाच्या एडिटिंगचा एकच नियम आहे : काहीही कापायचं नाही. टोपी-टॉवेल घेणारा प्रत्येक पाहुणा दिसलाच पाहिजे. एखाद्याची टोपी कापली म्हणजे मान कापली.

त्यातच ती टेप सापडली. चुलतभावाच्या लग्नाची.

तेव्हा मी मुंबईहून नवंनवं शिकून आलो होतो. लेव कुलेशोव नावाच्या रशियन दिग्दर्शकाने शंभरेक वर्षांपूर्वी एका नटाचा निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्यानंतर, एकदा शवपेटीनंतर आणि एकदा बाईनंतर जोडून दाखवला होता. चेहरा तोच, पण लोकांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी अभिलाषा. मला वाटलं, रशियात चालतं ते सावद्यात का चालू नये? आमचे फुवा, म्हणजे आत्याचे यजमान, पंगतीत वरण-बट्टीवर तुपाची धार पडताना खदखदून हसले होते. फार सुंदर शॉट. साडेतीन तासांच्या कॅसेटीत तो पंगतीतच पडून राहावा हे माझ्यातल्या कलावंताला पटेना. मी तो उचलला आणि पाठवणीत टाकला. नवरीचे वडील खांबाला धरून रडतायत, कट, फुवा हसतायत.

खरं सांगतो, मला तो आशीर्वादाचा आनंद वाटला होता.

दोन्हीकडच्या मंडळींनी कॅसेट एकत्र बसून पाहिली. कुलेशोव जिंकला. नवरीचा मामा उठून म्हणाला, "आमच्या माणसाचे डोळे वाहतायत आणि तुमचे जावई दात काढतायत?" फुवा शपथा घेऊन सांगत होते, "अहो, मी बट्टीला हसलो, बट्टीला!" पण पडद्यावर बट्टी नव्हती. ती मी कापली होती. त्या दिवसापासून फुवा माझ्याशी बोलले नाहीत, आणि आत्या मला राखी पोस्टाने पाठवते. अंतर तीन किलोमीटर.

पुढची डिस्क मुंबईतल्या दिवसांची. रोजच्या मालिकेत मी सहायक होतो. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटं भरावी लागत आणि शूटिंग यायचं १९ मिनिटांचं. उरलेली तीन मिनिटं कुठून आणायची? सासूच्या मानेतून. ती एकदा वळायची, आम्ही तिला तीनदा वळवायचो. माझं नाव श्रेयनामावलीत यायचं ते इतक्या वेगाने, की आईने गल्लीतल्या बायका जमवून टीव्हीवर बोट ठेवेपर्यंत तिथे टूथपेस्ट आलेली असे.

निवडणुकीचं काम होतं, ते शोरीलला घेतलं नाही. उमेदवाराने फॉर्म भरायच्या आदल्या रात्री पक्ष बदलला. मी रात्रभर त्यांच्या गळ्यातल्या उपरण्याचा रंग बदलत होतो. भाषण तेच ठेवलं, चाललं. अहिराणी गाण्यांची डिस्क उघडली, तर हिरोने एका कडव्यात सात शर्ट बदललेले.

मग केळीवरचा माहितीपट. माझं सगळ्यांत अभिमानाचं काम. ४० तासांचं शूटिंग, त्यातले सहा तास नुसता तापीवरचा सूर्यास्त. त्यातून २६ मिनिटं काढली. आप्पांना दाखवली. त्यांचा जन्म केळीत गेलेला. पहिल्याच मिनिटाला ते म्हणाले, "थांबव. ही आधीची मृगबाग होती, आता ही कांदेबाग कुठून आली?" मृगबागेची लागवड जून-जुलैची, कांदेबागेची सप्टेंबर-ऑक्टोबरची. एका कटात मी तीन महिने गिळले होते. दिग्दर्शकाला कळलं नाही, परीक्षकांना कळलं नाही, आप्पांना कळलं. ते स्वतः घडाला आठ-नऊ फण्या ठेवून खालच्या काढून टाकतात, म्हणजे राहिलेल्या भरतात. केळफूलही तोडतात. त्यांना कुणी शोरील मागत नाही, हे मला त्या दुपारी फार खुपलं.

संध्याकाळी सगळं जोडून रेंडरला, म्हणजे त्याची एक सलग फाईल बनवायला, लावलं. ९७ टक्क्यांवर लाईट गेली. आली रात्री दोनला. पुन्हा लावलं. तोवर दोन मिनिटांत चार सेकंद कमी पडताहेत असं लक्षात आलं. झोपेत हाताला जो शॉट लागला तो टाकला, आणि पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी तोच गारेगार आवाज. "सर, शोरील बघितला. शेवटी ते टोपीवाले काका हसतात ना, कोण आहेत ते? आमच्या तुपाच्या जाहिरातीसाठी अगदी तसाच चेहरा हवाय."

"आणि एडिटिंगचं?" मी विचारलं.

"ते आमच्याकडे आहेत एक जण."

मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. मग फुवांना लावला. सात वर्षांनी पहिल्यांदा. काम सांगितलं, पैसे सांगितले, तूप आहे हेही सांगितलं. पलीकडे शांतता. मग हळूच आवाज आला,

"कापणार तू नाहीस ना?"