ओतानी २० लाखांत पडत नाही

हिवाळ्यात खेळाडूंच्या अदलाबदलीचे दिवस आले की बेसबॉलप्रेमींमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स संघ आणि त्याचा जपानी तारा शोहेई ओतानी यांच्याबद्दल एक दावा पुन्हा फिरू लागतो: ‘डॉजर्सच्या हिशेबात शोहेई ओतानी वर्षाला फक्त २० लाख डॉलरचा, म्हणून तर त्यांना बाकीचे तारे परवडतात.’ हे चूक आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये ठरलेला करार १० वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा. त्यातले वर्षाला २० लाख त्याच्या हातात पडतात, ६ कोटी ८० लाख मागे राहतात. ते त्याला २०३४ ते २०४३ या काळात बिनव्याजी मिळतील. इथवर खरं.

पण लक्झरी टॅक्स, म्हणजे खेळाडूंच्या पगाराचा एकूण खर्च ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की संघाला भरावा लागणारा कर, हातात पडलेल्या रकमेवर मोजत नाहीत. उशिरा द्यायच्या पैशांची आजची किंमत काढतात, आणि त्या हिशेबाने ओतानी वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाखांना पडतो. २०२४ साली कराची मर्यादा २३ कोटी ७० लाख होती. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या त्याच्या नावावर! शिवाय मागे ठेवलेल्या रकमेची तरतूद संघाला आधीच करून ठेवावी लागते. श्रीमंत संघांपुढे लहान शहरांचे संघ हतबल होतात, ही तक्रार मलाही मनापासून पटते. पण तिच्यासाठी हा आकडा वापरू नका.

आणि ही युक्ती डॉजर्सनी शोधलेली नाही. न्यूयॉर्कचा मेट्स संघ आणि त्यांचा माजी खेळाडू बॉबी बोनिया यांचंच बघा: मेट्स २०११ पासून दर १ जुलैला त्याला सुमारे ११ लाख ९३ हजार डॉलर देत आहेत, २०३५ पर्यंत देणार आहेत. तेही ८ टक्के व्याज धरून.