«आता बिडी सोडून काय उपयोग?» – उपयोग आहे!

माझ्या मामांना घशाचा कॅन्सर आहे. बिडी चाळीस वर्षांची. सध्या शेक (रेडिएशन) चालू आहेत. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: «कॅन्सर झाल्यावर बिडी-सिगारेट सोडून काही फरक पडत नाही. उलट एकदम सोडली तर झटका बसून पेशंट लवकर जातो. मागे लागू नका, सुखाने ओढू द्या. इच्छाशक्ती असेल तर आपणहून सोडेल.» मामींनी तो मला दाखवला तेव्हा त्यांना जरा हायसं वाटलेलं दिसलं. म्हणून हे लिहितोय.

«फरक पडत नाही.» सगळ्यात घातक वाक्य हेच. शेकाचा परिणाम व्हायला गाठीपर्यंत ऑक्सिजन पोचावा लागतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. म्हणजे शेकाला निघताना ओढलेली बिडी त्याच शेकाचा जोर कमी करते. डोके-मानेच्या कॅन्सरवर कॅनडात झालेला एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. शेक चालू असताना ओढत राहिलेल्यांपैकी दोन वर्षांनी ३९ टक्के हयात होते, बाकीच्यांपैकी ६६ टक्के. अभ्यास लहान होता, पण एवढी तफावत दुर्लक्ष करण्यासारखी नाही. आणि बिडी थांबली की दिवसभरात हा वायू रक्तातून बराचसा निघून जातो. ऑपरेशनची जखम भरायलाही धूर आड येतो.

«झटका बसतो.» त्रास होतो, हे खरं. चिडचिड, बेचैनी, झोप उडणं. पहिले दोन-तीन दिवस जास्त, मग तीन-चार आठवड्यांत ओसरतं. त्याने जीव जात नाही. «अमक्याने सोडली आणि महिन्यात गेला» असं आपण ऐकतो, पण बऱ्याचदा आजार बळावल्यावर धूरच नकोसा होतो, म्हणून सुटलेली असते. दोष मात्र सोडण्याला लागतो.

«सुखाने ओढू द्या.» मामांना पेज गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं. त्याच घशाने मोरीत भिंतीला हात टेकून बिडी ओढताना मी त्यांना पाहिलंय. दोन झुरके, खोकल्याची उबळ, आणि अर्धी बिडी नळाखाली. त्यात सुख कुठे होतं?

«मागे लागू नका» हे मला निम्मं पटतं. मी एकदा रागाने त्यांचं बंडल चुरगाळून टाकलं. बिडी सुटली नाही. काडेपेटी तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात गेली, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर मामा «बंद आहे» म्हणाले. ते खोटं माझ्यामुळे होतं.

राहिली इच्छाशक्ती. निकोटिनची पकड मेंदूवर असते, नुसत्या निर्धाराने ती सगळ्यांची सुटत नाही. त्यासाठी औषधं आहेत, निकोटिनचे पॅच आणि च्युइंगगम आहेत. तोंड सोललेलं असेल तर च्युइंगगम झोंबतं, म्हणून काय घ्यायचं ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा फुकट मदतीचा नंबर आहे. बिडीऐवजी मशेरी मात्र नको, तोही तंबाखूच.

तलफ काही मिनिटांची असते. मामांची चहानंतर येते. तेव्हा मी त्यांना घेऊन विहिरीपर्यंत चालत जातो, बिडीचा विषय काढत नाही. काल दोन ओढल्या, असं त्यांनी वाटेत स्वतःहून सांगितलं. आधी आकडा कुणालाच कळत नव्हता. उद्या शेकाला गेल्यावर हा आकडा डॉक्टरांनाही सांगायचा, असं आमचं ठरलंय.